दोन मात्रा, मग चार

मांडो लिहून काढताना सुरांपेक्षा उभी रेघ जास्त छळते. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतलं हे संथ कोकणी गाणं नोकरीसाठी आलेल्या गोवेकरांबरोबर धोबीतलाव-गिरगावात आलं. त्याचा एक बार दोन मात्रांचा, पुढचा चारांचा. गिरगावातल्या एका घरी आजींना म्हटलं, गाताना टाळी द्या. त्यांनी मात्रा मोजल्याच नाहीत. एक टाळी जवळ, पुढची लांब, असं चाललं. ती टाळी पडते तिथे बारलाइन ओढायची.

स्टाफ नोटेशनमध्ये बार लहानमोठा झाला की आकडाही बदलायला हवा. २/४, ४/४, पुन्हा २/४. असं पान भरलं की सूर कमी आणि आकडेच जास्त दिसतात. त्याऐवजी दोन्ही आकडे सुरुवातीलाच शेजारीशेजारी लिहितात. पुढे ते आलटून पालटून येणार, हे वाजवणाऱ्याने समजून घ्यायचं. किंवा ६/४ लिहून प्रत्येक बारच्या आत एक तुटक रेघ देतात. ती रेघ द्यायची राहिली तर व्हायोलिनवाला सवयीने तीन-तीन मोजतो आणि घुमट या तालवाद्याशी त्याचं जमत नाही. मला पहिली रीत आवडते, पण क्रम एकदाही मोडत नसेल तरच. कडव्याअखेरी गाणारे सूर ताणतात, तिथे मी जादा मात्रा न लिहिता नुसता फर्माटा टाकतो. एकट्याचं ताणणं वेगळं, घोळक्याचं वेगळं. ते मोजून देणारा मी कोण?

वाळकेश्वरला जन्मलेल्या भातखंड्यांच्या (१८६०-१९३६) हिंदुस्तानी स्वरलेखन-पद्धतीत लहानमोठ्या बारांचा हा पेच जवळपास उरतच नाही. तिथे आवर्तन एक, विभाग हवे तसे असमान: रूपक ३-२-२, झपताल २-३-२-३, धमार तर ५-२-३-४. मग २-४ चं कसलं नवल? पहिल्या मात्रेखाली सम, तिसरीखाली टाळी. काल, म्हणजे शून्याची खूण, दाखवायचा मोह मात्र टाळावा; सहा मात्रांत शून्य दिसलं की तबलजीचा हात दादऱ्याकडे वळतो. या पद्धतीची खरी अडचण वेगळी आहे. मांडो दोन आवाजांत गातात, दुसरा आवाज बहुधा तिसऱ्या सुराच्या अंतरावर चालतो. त्याला खाली दुसरी ओळ द्यावी लागते आणि कोणता सूर कोणाखाली, हे पट्टी ठेवून जुळवावं लागतं.

शिवाय मांडोला जोडून दुलपद येतं, ६/८ मध्ये आणि चढ्या लयीत. जोडावर लिहावंच लागतं की मागचा क्रॉचेट आता कशाबरोबर: टिंब दिलेल्या क्रॉचेटबरोबर की नुसत्या क्वेव्हरबरोबर. नाहीतर गिटार आणि घुमट आपापल्या वेगाने सुटतात.