ठिणग्या आणि हायड्रोजन

भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. पदवी घेऊन आलेल्या तरुण अभियंत्यांनाही सोव्हिएत तज्ज्ञांच्या हाताखाली, काहींना तर थेट तिकडच्या कारखान्यांत जाऊन, काम नव्याने शिकावे लागले. तरीही ‘पदवी मोठी की अनुभव’ हा वाद मराठी घरांत आजही चालतो, आणि तो चुकीच्या जागी चालतो. भट्टीला दोन्ही लागतात. भट्टीचे तोंड, म्हणजे टॅपहोल, फोडून लोखंडाचा रस वाहू लागला, की मुरलेला कामगार ठिणग्या पाहतो. त्या फार उडाल्या तर सिलिकॉन कमी, भट्टी थंडावते आहे. रस शांत वाहिला तर सिलिकॉन जास्त. प्रयोगशाळेचा अहवाल येण्याआधी बांधलेला हा अंदाज पुस्तकातून नजरेत उतरत नाही. पण भिलाईची ओळख असलेल्या रेल्वे रुळांचे काय? पोलादात हायड्रोजन दहा लाखांत चार-पाच भाग उरला, तरी रुळाच्या पोटात केसासारख्या भेगा पडू शकतात. कितीही वर्षांच्या नजरेला तो वायू दिसत नाही. निर्वात करून वितळलेल्या पोलादावरचा दाब उतरवला की तो बाहेर पडतो, हे सांगते ते भौतिक रसायनशास्त्र. म्हणून पदवी म्हणजे नुसता कागद, हे मला मान्य नाही.

यावर उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव हमखास पुढे येते. त्यांच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती हे खरे, पण कारखाना त्यांचा स्वतःचा होता. दुसऱ्याच्या कारखान्यात चढायला शिडी लागते. भिलाईचा कारखाना चालवणाऱ्या ‘सेल’मध्ये पदवीधर मॅनेजमेंट ट्रेनी म्हणून भरती होतो, डिप्लोमावाला ऑपरेटर-कम-टेक्निशियन म्हणून, सुरुवातीचा हा फरक पुढे वर्षानुवर्षे पुरतो. नोकरी सांभाळून ‘एएमआयई’ची परीक्षा देणे हा त्यावरचा जुना मार्ग होता. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सच्या त्या परीक्षेला पदवीची बरोबरी होती, ती ३१ मे २०१३ नंतर नाव नोंदवणाऱ्यांना मिळत नाही. असा मार्ग पुन्हा खुला करताना अभ्यासाचा दर्जा टिकायला हवा, हा आक्षेप रास्तच आहे. मग परीक्षा कडक घ्या. पण भट्टीवर काढलेल्या वर्षांना पदवीसाठी श्रेयांक द्या. २०१६ची आयआयटी आणि स्वामी विवेकानंद तंत्रविद्यापीठ, दोन्ही भिलाईच्या अंगणात आहेत. सुरुवात त्यांनीच करावी.