खंडित वीज, तापलेले घर: खान्देशातील घरगुती विजेचा हिशेब

विषयाचे स्वरूप

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत मे महिन्यात दुपारचे तापमान ४३ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचते. भुसावळचा पारा काही दिवशी त्याहूनही वर चढतो. विजेची मागणी याच काळात वाढते आणि पुरवठा खंडित होण्याचे प्रसंगही याच काळात वाढतात. वीज जाणे आणि वीज जास्त लागणे हे दोन वेगळे प्रश्न समजले जातात. प्रत्यक्षात पहिल्याचे बरेचसे कारण दुसऱ्यात असते आणि दुसऱ्यावरचा उपाय पहिल्याची झळ कमी करतो. म्हणून या दोहोंचा विचार एकत्र करणे उपयुक्त ठरते.

विजेचा मार्ग

भुसावळजवळ दीपनगर येथे महानिर्मिती या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीचे औष्णिक केंद्र आहे. तेथे ५०० मेगावॅटचे दोन संच असून ६६० मेगावॅटचा नवा संचही उभारण्यात आला आहे. केंद्राला पाणी तापीवरील हतनूर धरणातून मिळते. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, तर ब्राह्मणवेल परिसरात पवनचक्क्या आहेत. ही वीज शेजारच्या गावांसाठी राखीव नसते. ती आधी पारेषण जाळ्यात जाते आणि उपकेंद्रांतून ३३ व ११ किलोव्होल्टच्या वाहिन्यांवर उतरते. शेवटी गल्लीतल्या रोहित्रातून, म्हणजे बोलीतल्या डीपीतून, २३० व्होल्टने घरात येते. त्यामुळे वीजकेंद्र जवळ असणे म्हणजे पुरवठा अखंड असणे, असा अर्थ निघत नाही.

खंडाचे प्रकार

पुरवठा तीन प्रमुख कारणांनी थांबतो. निर्मिती मागणीला पुरत नसेल, तर ठरवून काही वाहिन्या बंद ठेवतात, हे भारनियमन. तारा, खांब व उपकेंद्रे यांच्या देखभालीसाठी काही तास पुरवठा थांबवतात. हा नियोजित खंड. वादळात तार तुटणे, फांदी पडणे, रोहित्र जळणे हा बिघाड. पहिल्या दोहोंची वेळ बहुधा आधी कळते, तिसऱ्याची कळत नाही. खान्देशात मेच्या उत्तरार्धातील आणि जूनच्या आरंभीचे वादळी वारे केळीच्या बागा आडव्या करतात, त्याच वाऱ्यांत वीजवाहिन्याही कोसळतात.

मागणी आणि वारंवारता

पारेषण जाळ्यात वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवलेली नसते. ज्या क्षणी लागते त्याच क्षणी ती निर्माण करावी लागते. भारतातील वीजजाळे ५० हर्ट्‌झ वारंवारतेवर चालते. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की वारंवारता घसरते, आणि घसरण रोखण्यासाठी काही भार तोडावा लागतो. हा तोल व पारेषण वाहिन्यांची मर्यादा सांभाळली गेली नाही, तर काय होते हे ३० व ३१ जुलै २०१२ रोजी दिसले. बिना-ग्वाल्हेर वाहिनी बंद पडल्यानंतर उत्तर भारताचे आणि दुसऱ्या दिवशी पूर्व व ईशान्य भारताचेही जाळे कोसळले. महाराष्ट्र ज्यात येतो ते पश्चिम जाळे त्या वेळी टिकून राहिले. मर्यादित भारनियमन हा असा सर्वव्यापी अंधार टाळण्याचा उपाय असतो.

भारनियमनाचे तत्त्व

जून २००५ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या अस्तित्वात आल्या. त्यानंतरची काही वर्षे राज्यात तीव्र टंचाईची होती. राज्य वीज नियामक आयोगाच्या धोरणानुसार भारनियमनाचे तास वितरण हानी व वसुली यांवर ठरू लागले. जेथे गळती, आकडे टाकून होणारी चोरी आणि थकबाकी अधिक, तेथे भारनियमन अधिक. एप्रिल २०२२ मध्ये कोळशाची टंचाई आणि उन्हाळी मागणी एकाच वेळी आल्यावर अधिक हानीच्या वाहिन्यांवर पुन्हा भारनियमन झाले. या पद्धतीने वसुलीला शिस्त येते. परंतु नियमित बिल भरणाऱ्या कुटुंबालाही शेजारच्या चोरीचा भार सोसावा लागतो, ही तिची मर्यादा आहे.

गावठाण आणि शेती

पूर्वी गावातील घरे आणि शिवारातील पंप एकाच वाहिनीवर असत. पंप थांबवायचे तर गावही अंधारात जाई. यावर गावठाण वाहिनी वेगळी करणे आणि काही ठिकाणी सिंगल फेजने फक्त घरांना पुरवठा देणे, असे उपाय झाले. शेतीला थ्री फेज वीज दिवस-रात्र आलटून पालटून, सुमारे आठ तासांच्या पाळ्यांत देण्याची पद्धत पडली. रावेर-यावल पट्ट्यातील केळीला मे महिन्यात सर्वाधिक पाणी लागते आणि गावातले कूलरही तेव्हाच चालतात. दोन्ही भार अखेर एकाच उपकेंद्रावर येतात. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देश पंपांना दिवसा सौर वीज देणे हा आहे. पंपांचा भार दिवसाच्या उन्हावर गेला, की रात्रीच्या घरगुती पुरवठ्यावरचा ताणही हलका होतो.

रोहित्राची क्षमता

निर्मिती पुरेशी असतानाही गल्ली अंधारात जाते, याचे नेहमीचे कारण रोहित्र. १०० केव्हीए क्षमतेच्या रोहित्रावर ५० घरे असतील आणि प्रत्येक घरात दीड टनाचे वातानुकूलन यंत्र सुमारे १.५ किलोवॅट घेत असेल, तर केवळ त्यांचाच भार ७५ किलोवॅट होतो. रोहित्र आतील तेलाद्वारे बाहेरच्या हवेत उष्णता सोडते. हवाच तापलेली असेल आणि रात्रीही भार उतरत नसेल, तर त्याला थंड होण्यास अवधी मिळत नाही. पुरवठा परत येण्याचा क्षणही जोखमीचा असतो. सर्व फ्रिज, कूलर आणि रिकाम्या बॅटऱ्या एकदम भार घेतात व फ्यूज पुन्हा उडतो. मोठी उपकरणे खंडाच्या काळात बंद करून ठेवणे आणि पुरवठा स्थिरावल्यावर काही मिनिटांनी एकेक सुरू करणे, हा साधा नियम उपकरणे व रोहित्र दोन्ही वाचवतो.

युनिटाचा अर्थ

१००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. वापर म्हणजे वॅट गुणिले तास. २००० वॅटचा गीझर अर्धा तास चालून एक युनिट घेतो. ७५ वॅटचा पंखा तेवढीच वीज सुमारे तेरा तासांत घेतो. मात्र गीझर वर्षातले काही महिने चालतो, तर खान्देशातील पंखा जवळजवळ वर्षभर फिरतो. बचतीची जागा शोधताना म्हणूनच वॅट आणि तास ही दोन्ही पाहावी लागतात.

छताची उष्णता

खान्देशातील जुनी घरे धाब्याची होती: लाकडी तुळयांवर काड्या किंवा फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. जाड माती उष्णता सावकाश आत येऊ देते, त्यामुळे दुपारी घर थंड राहते. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी करावी लागणारी डागडुजी आणि गळती यांमुळे धाबे मागे पडले. सिमेंटचा स्लॅब तुलनेने पातळ असतो. दिवसभर शोषलेली उष्णता तो संध्याकाळनंतर खोलीत सोडतो. विजेची मागणी उच्चांकावर असते तीच ही वेळ. पत्र्याचे छत तर ऊन पडताच तापते. छतावर चुन्याचा किंवा परावर्तक रंगाचा पांढरा थर दिल्यास बराचसा सूर्यप्रकाश परत फेकला जातो. पश्चिमेच्या भिंतीला सावली, खिडकीबाहेर ताट्या आणि दुपारी बंद, रात्री उघडी अशी खिडक्यांची शिस्त या उपायांना वीज लागत नाही, आणि पुरवठा खंडित असतानाही त्यांचा परिणाम टिकतो. पांढऱ्या थरावर धूळ बसली की त्याचा गुण घटतो. म्हणून तो दर उन्हाळ्यापूर्वी धुणे किंवा नव्याने देणे आवश्यक असते.

कूलर

पाण्याचे बाष्पीभवन होताना ते हवेतील उष्णता घेते. कूलर याच तत्त्वावर चालतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट इतकी उष्णता शोषली जाते, तर कूलरचा पंखा व पंप मिळून तासाला साधारण ०.१५ ते ०.२५ युनिट वीज घेतात. हवेतील आर्द्रता १५ ते २० टक्के असताना ४४ अंशांची हवा चांगल्या कूलरमधून ३० अंशांच्या आसपास येऊन मिळते. खान्देशाचा कोरडा उन्हाळा या यंत्राला अनुकूल आहे. त्यासाठी हवा आत येण्याइतकीच बाहेर जाण्याचीही वाट हवी; बंद खोलीत आर्द्रता साचून गारवा संपतो. पावसाळ्यात हवा दमट झाल्यावर कूलर निरुपयोगी ठरतो. तासाला पाच लिटर धरल्यास दहा तासांना ५० लिटर पाणी लागते, आणि जळगाव-धुळ्याच्या अनेक भागांत नळाला रोज पाणी येत नाही. लोखंडी कूलरला अर्थिंग व घराला गळती-प्रवाह तोडणारा स्विच नसेल, तर विजेचा धक्का जीवघेणा ठरतो. टाकीतील पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी कोरडी केल्यास डेंग्यूच्या डासांची पैदास रोखली जाते.

वातानुकूलन यंत्र

दीड टनाचे यंत्र तासाला सुमारे ५ युनिट इतकी उष्णता खोलीबाहेर टाकू शकते आणि त्यासाठी पूर्ण भारावर साधारण दीड युनिट वीज घेते. दमट हवेतही ते चालते, हे त्याचे बलस्थान. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या अंदाजानुसार निवडलेले तापमान एका अंशाने वाढवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते. २०२० पासून नव्या यंत्रांत मूळ तापमान २४ अंश ठेवणे बंधनकारक आहे. सामान्य घरगुती इन्व्हर्टरवर मात्र हे यंत्र चालत नाही. ज्या घराचा गारवा केवळ याच यंत्रावर अवलंबून आहे, त्या घराला वीज जाताच सर्वाधिक त्रास होतो.

पंखे आणि दिवे

जुना छतपंखा ७० ते ८० वॅट घेतो, तर बीएलडीसी, म्हणजे ब्रशविरहित डीसी मोटरचा, पंखा तेवढ्याच वाऱ्यासाठी ३० वॅटच्या आसपास. रोज १५ तास वापर धरल्यास एका पंख्यामागे महिन्याला सुमारे २० युनिट वाचतात. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेमुळे एलईडी दिवे स्वस्त होऊन घरोघरी पोहोचले. ९ वॅटचा एलईडी जुन्या ६० वॅटच्या बल्बची जागा घेतो. पंखा हवा थंड करत नाही, तो अंगावरील घाम वेगाने वाळवतो. म्हणून रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा निव्वळ वीज खर्च करतो.

इन्व्हर्टर आणि बॅटरी

१२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर बॅटरीत नाममात्र १.८ युनिट वीज मावते. रूपांतरातील हानी आणि बॅटरी पूर्ण रिकामी न करण्याची गरज लक्षात घेता सुमारे १.२ युनिट हाती लागते. दोन जुने पंखे (१५० वॅट) आणि ४० वॅटच्या चार ट्यूब (१६० वॅट) यांवर ती चार तासांच्या आत संपते. दोन बीएलडीसी पंखे (६० वॅट) आणि चार एलईडी (३६ वॅट) यांवर तीच बॅटरी सुमारे साडेबारा तास पुरते. भार एक तृतीयांशाखाली आणणे हे तीन बॅटऱ्या विकत घेण्यासारखे आहे. साठवणीला किंमतही पडते, वापरलेले १.२ युनिट परत भरण्यास दीड युनिटाहून अधिक वीज लागते. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य दर १० अंश तापमानवाढीला साधारण निम्मे होते. तापलेल्या गच्चीच्या खोलीपेक्षा तळमजल्यावरची हवेशीर, सावलीची जागा तिला योग्य, आणि उन्हाळ्यात डिस्टिल्ड वॉटरची पातळी अधिक वेळा पाहणे गरजेचे.

पाणी आणि गारव्याचा साठा

वीज साठवण्यापेक्षा तिचे फलित साठवणे स्वस्त पडते. हजार लिटर पाणी दहा मीटर उंच टाकीत चढवण्यास लहान पंपाच्या सर्व हानी धरूनही साधारण ०.१ युनिट पुरते. भरलेली टाकी मग खंडाच्या काळात विजेविना पाणी देते. दार न उघडलेला फ्रिज सुमारे चार तास थंड राहतो. माठ वीज न घेता बाष्पीभवनाने पाणी गार ठेवतो, त्यामुळे फ्रिजचे दार कमी वेळा उघडावे लागते.

छतावरील सौर वीज

एक किलोवॅटचा संच वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट देतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत प्रति किलोवॅट ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅट वा अधिक क्षमतेला कमाल ७८,००० रुपये अनुदान ठरले. सौर पॅनेलखालची गच्ची सावलीत राहते, हा जोडलाभ. तीव्र ऊन म्हणजे अधिक वीज, असे मात्र सरळ नाते नाही: पॅनेल २५ अंशांहून अधिक तापल्यावर दर अंशामागे उत्पादन सुमारे ०.३५ टक्क्याने घटते, म्हणजे ६५ अंशांवर १४ टक्के घट. आणखी महत्त्वाचे असे, की बॅटरीविना ग्रिडशी जोडलेला संच वीज जाताच स्वतः बंद होतो. तारेवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला धक्का बसू नये, यासाठी ही व्यवस्था असते. खंडाच्या काळात वीज हवी असल्यास बॅटरीसह हायब्रिड संच घ्यावा लागतो.

बिलाचे टप्पे

महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढतात. एखादा टप्पा ओलांडला तरी चढा दर फक्त त्यापुढच्या युनिटांना लागतो. याचा दुसरा अर्थ असा, की वाचलेले प्रत्येक युनिट सर्वांत महाग टप्प्यातून वजा होते. उन्हाळ्यातील बचत म्हणूनच सर्वाधिक मोलाची ठरते.

उपायांचा क्रम आणि मर्यादा

या साऱ्याचा क्रम महत्त्वाचा आहे: आधी घरात येणारी उष्णता रोखणे, मग उपकरणांचा भार उतरवणे, त्यानंतर उरलेल्या भारापुरता साठा घेणे आणि शेवटी सौर संचाचा विचार करणे. क्रम उलटा केल्यास जुन्या पंख्यांसाठी मोठी बॅटरी आणि तापलेल्या छताखाली मोठे यंत्र घ्यावे लागते. भाड्याच्या घरात किंवा पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्यांना यांतील मोजकेच उपाय शक्य असतात; त्यांच्यासाठी पांढरे छत आणि कमी वॅटचा पंखा हे सर्वांत कमी खर्चाचे. जीर्ण तारा, अपुरी रोहित्रे आणि वीजचोरी यांवर कोणतेही घर एकटे उपाय करू शकत नाही. ते काम वितरण व्यवस्थेचे आणि शासनाचे आहे. मात्र एकाच डीपीवरील घरांनी मिळून संध्याकाळचा भार कमी केल्यास रोहित्रावरचा ताण उतरतो आणि त्याचा लाभ त्या गल्लीतील प्रत्येक घराला मिळतो.