परदेशी जाऊन आलं की शहाणपण येतं?

देशाटनानं चातुर्य येतं, हे आपण सगळ्याजणींनी शाळेत घोकलेलं आहे. हल्ली देशाटन म्हणजे परदेशवारी एवढाच अर्थ उरलाय. हळदीकुंकवाला एखादी युरोप करून आलेली असली की तिच्याभोवती कोंडाळं जमतं, आणि जी पंढरपूर-गाणगापूरपलीकडे गेली नाही, ती कुठल्याही विषयावर बोलायला बिचकते. मला राग येतो तो या बिचकण्याचा.

सहल कंपनीबरोबरची वारी कशी असते ते आठवा. बारा दिवसांत सहा देश, बरोबर आपलीच माणसं, रात्री जेवायला वरण-भात. युंगफ्राऊला साडेतीन हजार मीटरवर बर्फात फोटो काढायचा आणि खाली उतरायचं. जरूर जावं! वर्षभर रांधून दमलेल्या बाईला बारा दिवस आयतं ताट मिळालं, तरी पैसे वसूल. पण तिकडच्या एका तरी बाईशी चार शब्द बोलणं झालं का? मग दृष्टी बदलायची कशी?

डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ साली अठराव्या वर्षी एकट्या अमेरिकेला निघाल्या. निघण्यापूर्वी श्रीरामपूरला (बंगालमधल्या) जाहीर भाषण करून, मी का जाते आहे, हे त्यांनी लोकांना सांगितलं होतं. म्हणजे बोटीत पाय ठेवण्याआधीच काय आणायचं ते पक्कं होतं. १८८६ साली त्यांच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून गेल्या आणि अडीच-तीन वर्षं अमेरिकेत राहिल्या. बालवाडीची पद्धत शिकल्या, शाळा आणि बायकांच्या संस्था पाहिल्या. परतल्यावर १८८९ साली मुंबईत शारदासदन काढलं, त्याच वर्षी अमेरिकेवर मराठीत पुस्तकही लिहिलं. पण विधवांचे हाल त्यांना अमेरिकेनं थोडेच दाखवले? ते त्यांनी आईवडिलांबरोबर आणि पुढे भावाबरोबर पायी देशभर हिंडताना पाहिले होते.

तुम्ही म्हणाल, या असामान्य बायका. बरं, आपल्यातल्याच घ्या. लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला सहा महिने अमेरिकेला जाणाऱ्या आया आता गावोगाव आहेत. गाडी चालवता येत नाही, लेक-जावई कामावर, दिवसभर घर आणि बाळ. माझ्या ओळखीच्या एक बाई तिथेही फोनवर आपल्याच मालिका बघत बसल्या आणि "तिथे काही नाही हो" म्हणत परतल्या. दुसऱ्या मात्र बाळाला ढकलगाडीत घालून रोज गावातल्या वाचनालयात जायच्या. तिकडच्या पुष्कळ वाचनालयांत लहान मुलांसाठी गोष्टींचा तास असतो, परक्यांसाठी इंग्रजी बोलण्याचा फुकट वर्गही असतो. तिथे यांना एक चिनी आणि एक मेक्सिकन आजी भेटली. तिघींचंही इंग्रजी मोडकंतोडकं, पण विषय पक्का, बाळंतिणीचा!

"अहो, चीनमध्येसुद्धा महिनाभर बाळंतीण गार पाण्याला हात लावत नाही, आलं घालून गरम गरम सूप पाजतात," त्या मला सांगत होत्या. "आणि मेक्सिकोत चाळीस दिवस. आपला सव्वा महिनाच की!"

सव्वा महिना म्हणजे आपलं जुनाट खूळ, असं सून म्हणायची. आणि हे फक्त आपल्यालाच कळतं, असं सासूला वाटायचं. दोघींचंही खरं नव्हतं. हे कळायला विमानाचं तिकीट लागलं खरं, पण कळलं ते विचारलं म्हणून.

मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेत बिहारची, ओडिशाची, तेलंगणाची मुलं आहेत. पालकसभेला त्यांच्या आया मागच्या बाकावर गप्प बसतात. आमच्या बायका त्यांच्याशी बोलायला जात नाहीत. त्या वाचनालयवाल्या बाईंनी मात्र परत आल्यावर समोरच्या बिऱ्हाडातल्या बिहारी सुनेला विचारलं, तुमच्याकडे बाळंतिणीला काय देतात? तिनं दुसऱ्या दिवशी सुंठीचे लाडू करून आणले. अकरा वर्षं दोघी एकाच जिन्यावर राहतात.