कलमाच्या बुंध्याशी शेणखत ओतू नका

कोकणात पावसाच्या तोंडावर शेणखताच्या गाड्या बागेत येतात आणि घमेली थेट हापूसच्या बुंध्याशी रिकामी होतात. खोडाशी घातलं की झाडाला लवकर पोचतं, असा समज. पण बुंध्याजवळची जाड मुळं मुख्यतः झाडाला धरून ठेवतात. अन्न शोषणारी बारीक तंतुमुळं बहुतांशी बाहेर, फांद्यांच्या घेराखाली पसरलेली असतात. म्हणून घेराच्या थोडं आत वीतभर खोल गोल चर खणावा, त्यात खत भरून वर माती ओढावी. महागामोलाचं खत वाया जाताना पाहून जीव हळहळतो.

‘शेणखत दिलं, आता दुसरं काही नको,’ असंही ठामपणे सांगितलं जातं. इथे हिशेबच मांडावा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस दहा वर्षांच्या कलमाला दरसाल 50 किलो शेणखत, शिवाय दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद आणि एक किलो पालाश अशी आहे. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, म्हणजे 50 किलोंत जेमतेम पाव किलो. तेही पहिल्याच वर्षी सगळं हाती लागत नाही. मग शेणखत घालायचं कशाला? जांभ्याच्या मातीसाठी. ती आम्लधर्मी, पाणी न धरणारी, स्फुरद अडकवून ठेवणारी. सेंद्रिय पदार्थामुळे तिच्यात ओल टिकते, जिवाणू वाढतात आणि दिलेलं अन्न पावसात कमी वाहून जातं. निव्वळ सेंद्रिय बाग करता येते, पण मग शेणखत बरंच जास्त लागतं. जोडीला निंबोळी पेंड आणि गिरिपुष्पाचा पाला हवा.

ताजं शेण अधिक कसदार, हाही गैरसमजच. ते मुळांशी कुजताना तापतं, तणाचं बी घेऊन येतं. पूर्ण कुजलेलंच घालावं. आणि ढीग उकरताना जाड पांढऱ्या अळ्या दिसल्या तर वेचून माराव्यात, कारण माडाचा शेंडा पोखरणारा गेंड्या भुंगा अशा ढिगातच वाढतो.

हापूस वर्षाआड धरतो, हा त्या जातीचा स्वभाव. शेणखताने तो पालटत नाही. सेंद्रिय आहे म्हणून ते केव्हाही घालावं, असंही नाही. पाऊस सरताना भरपूर नत्र मिळालं तर ऐन मोहोराच्या वेळी झाड पालवी काढत बसतं. खत जूनमध्येच मातीआड गेलेलं बरं.