विश्लेषण : धूर नाही म्हणजे धोका नाही? सिगारेट, व्हेप आणि पाऊचमध्ये फरक किती?

अंबाजोगाई तालुक्यातील घाटनांदूर हे परळी-लातूर रोड रेल्वेमार्गावरचे गाव. मराठवाड्यातील अशा गावांत निकोटिन मिळण्याची ठिकाणे वर्षानुवर्षे ठरलेली आहेत : पानटपरी आणि किराणा दुकान. विडी, सिगारेट, तंबाखू-चुना, मावा, मिसरी ही त्याची परिचित रूपे. मात्र मोबाइल जिथे पोहोचला, तिथे व्हेप आणि निकोटिन पाऊचचे व्हिडीओही पोहोचले. ‘यात धूर नाही, म्हणून धोका नाही’ असा त्यांचा सूर असतो. हा दावा कितपत खरा आहे आणि गावातल्या माणसाने त्यातून काय घ्यायचे?

निकोटिन शरीरात काय करते?

निकोटिन हे तंबाखूच्या पानातील रसायन. ते मेंदूत डोपामाइन स्रवायला लावते, म्हणून घेतल्यावर बरे वाटते आणि न घेतल्यास चिडचिड होते. व्यसन लागते ते याचेच. सिगारेटचा झुरका घेतल्यावर साधारण १० ते २० सेकंदांत निकोटिन मेंदूत पोहोचते. जितक्या लवकर पोहोचते, तितकी सवय घट्ट होते.

निकोटिनमुळे हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो. गरोदरपणात ते बाळाला अपायकारक असते. मेंदूची वाढ विशीनंतरही सुरू असते, त्यामुळे कोवळ्या वयात त्याचे दुष्परिणाम अधिक होतात. मात्र धूम्रपानामुळे होणाऱ्या कर्करोगांचे मुख्य कारण निकोटिन नव्हे. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रसेल यांनी १९७६ मध्येच हा फरक मांडला होता : लोक निकोटिनसाठी सिगारेट ओढतात, पण मरतात ते धुरातील टारमुळे. आजच्या साऱ्या तुलनेचा पाया हाच आहे. निकोटिन शरीरात कशातून जाते आणि त्याच्यासोबत आणखी काय जाते, यावर धोका ठरतो.

सिगारेटचा धूर एवढा घातक का?

कारण त्यात तंबाखू जळतो. झुरका घेताना सिगारेटच्या टोकाचे तापमान ९०० अंश सेल्सियसच्या आसपास जाते. या ज्वलनातून सात हजारांहून अधिक रसायने तयार होतात आणि त्यांतील सुमारे ७० कर्करोगाला कारणीभूत ठरतात. चिकट टार फुप्फुसात साचतो. कार्बन मोनॉक्साइड हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट अधिक सहजतेने हिमोग्लोबिनला चिकटतो, त्यामुळे हृदयाला आणि मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो.

‘विडी पानाची, म्हणून सौम्य’ हा समजही चुकीचा आहे. तेंदूच्या पानातून हवा कमी जाते आणि विडी विझू नये म्हणून जोरात व वारंवार झुरके घ्यावे लागतात. त्यामुळे टार आणि कार्बन मोनॉक्साइड शरीरात भरपूर जातात.

व्हेपमध्ये काय असते?

व्हेप म्हणजे ई-सिगारेट. तिच्यात तंबाखूचे पान नसते. निकोटिन, प्रोपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन आणि स्वादद्रव्ये यांचा द्रव बॅटरीवर तापवला जातो. काहीही जळत नसल्याने टार नसतो आणि कार्बन मोनॉक्साइडही जवळपास नसतो. मात्र बाहेर पडते ती निव्वळ वाफ नव्हे. त्या सूक्ष्म थेंबांत निकोटिन, फॉर्मल्डिहाइडसारखी रसायने आणि निकेल, क्रोमियम, शिसे अशा धातूंचे अंश सापडतात. त्यांचे प्रमाण सिगारेटपेक्षा बरेच कमी असते, पण शून्य नसते.

तंबाखू न जाळता सुमारे ३५० अंशांपर्यंत तापवणारी उपकरणेही परदेशात विकली जातात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये अशा एका उपकरणाला ‘घातक रसायनांशी संपर्क कमी होतो’ एवढेच सांगण्याची परवानगी दिली. ‘आजाराचा धोका कमी होतो’ असे म्हणण्याची मुभा दिली नाही. या दोन वाक्यांतील अंतर ग्राहकाने लक्षात ठेवायला हवे.

आणि निकोटिन पाऊच?

ओठ आणि हिरडीच्या मध्ये ठेवायची ही छोटी पांढरी पुडी. तिच्यात निकोटिन असते, तंबाखूचे पान नसते. धूर नसल्याने फुप्फुसाला थेट इजा होत नाही. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये अशा २० उत्पादनांच्या विक्रीला परवानगी दिली. पण ही वस्तू नवी आहे. वीस-तीस वर्षे वापरल्यावर हिरड्यांचे आणि हृदयाचे काय होते, हे सांगणारा अभ्यास होण्याइतका काळच अद्याप गेलेला नाही. व्यसन मात्र पूर्ण लागते.

‘९५ टक्के कमी घातक’ हा आकडा कुठून आला?

तो २०१५ मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने दिला. तो तज्ज्ञांचा अंदाज होता, मोजमाप नव्हते, आणि त्यावर टीकाही झाली. शिवाय त्याला दोन अटी आहेत. पहिली, तुलना सिगारेटशी आहे, स्वच्छ हवेशी नाही. म्हणजे जो मुळात ओढत नाही, त्याच्यासाठी व्हेप हे नवे संकट आहे. दुसरी, चोरट्या बाजारातील, देखरेख नसलेल्या मालासाठी तो अंदाज नव्हता.

देखरेख नसली की काय होते, ते अमेरिकेत २०१९ मध्ये दिसले. व्हेप ओढणाऱ्यांच्या फुप्फुसांना अचानक गंभीर इजा होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ जणांचा मृत्यू झाला. मुख्य संशय गांजातील घटक असलेल्या, चोरट्या मार्गाने विकलेल्या द्रवातील व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटवर गेला. भारतात व्हेपवर बंदी आहे, म्हणजे इथे मिळणारे प्रत्येक व्हेप चोरट्या बाजारातलेच. त्याला इंग्लंडचा आकडा लावता येत नाही.

सिगारेट कमी करून सोबत व्हेप घेतले तर?

इथेच अनेक जण फसतात. दिवसाला २० ऐवजी एकच सिगारेट ओढली, तर हृदयविकाराचा वाढीव धोका विसाव्या हिश्शावर यायला हवा, असे वाटते. पण ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, एका सिगारेटनेही २० सिगारेटींच्या जवळपास निम्मा धोका कायम राहतो. त्यामुळे दोन्ही चालू ठेवणाऱ्याच्या हृदयाला फारसा फायदा होत नाही. लाभ होतो तो धूर पूर्ण बंद केल्यावर.

महाराष्ट्रात प्रश्न वेगळा का?

कारण इथे तंबाखू ओढण्यापेक्षा तोंडात जास्त जातो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे ‘धूर नाही म्हणजे धोका नाही’ हा दावा इथे पूर्वीपासूनच खोटा ठरलेला आहे.

तंबाखू-चुना, मावा, गुटखा, मिसरी यांत धूर नसतो, पण तंबाखूचे पान असते. ते वाळवताना, मुरवताना त्यात नायट्रोसामाइन ही कर्करोगकारक द्रव्ये तयार होतात. मिसरीसाठी तंबाखू भाजला जातो, त्यामुळे आणखी घातक रसायने वाढतात. मावा आणि गुटख्यातील सुपारीही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक ठरवली आहे. तिच्यामुळे तोंडाची त्वचा आतून ताठ होते आणि तोंड उघडेनासे होते.

स्वीडनमध्ये ‘स्नूस’ या तोंडातल्या तंबाखूमुळे सिगारेटी कमी झाल्या, असे सांगितले जाते. पण स्नूस तयार करताना त्यातील नायट्रोसामाइन कमी राखले जातात. त्याचा दाखला देऊन मावा खाणे म्हणजे स्वतःची फसवणूक आहे.

कायदा काय सांगतो?

केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश काढून आणि त्याच वर्षी कायदा करून ई-सिगारेट, तंबाखू तापवणारी उपकरणे आणि ई-हुक्का यांचे उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक व जाहिरात यांवर बंदी घातली. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गुटख्यावर महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून बंदी आहे. सिगारेट आणि विडी मात्र कायदेशीर आहेत. १८ वर्षांखालील मुलांना आणि शाळा-महाविद्यालयांपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकणे गुन्हा आहे.

सर्वात घातक वस्तू कायदेशीर आणि तुलनेने कमी घातक वस्तू बेकायदा, ही विसंगती असल्याचा आक्षेप घेतला जातो. सरकारची बाजू अशी की, तंबाखूला कधी हात न लावलेली मुले व्हेपमुळे व्यसनाकडे वळतात. हा धोका काल्पनिक नाही. व्हेपला सोडण्याचे साधन मानणाऱ्या ब्रिटननेही मुलांमधील वापर वाढल्यानंतर १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या व्हेपच्या विक्रीवर बंदी घातली.

मग सोडायचे कसे?

निकोटिन देऊन तंबाखू सोडवण्याचा कायदेशीर मार्ग भारतात आहे : निकोटिनचा गम आणि पॅच. गममध्ये धूर नाही, पान नाही, सुपारी नाही. त्यातील निकोटिन हळूहळू, सुमारे अर्ध्या तासात रक्तात चढते, म्हणून तलफ शमते पण नवे व्यसन लागण्याची शक्यता कमी राहते. गम सुपारीसारखा सतत चघळायचा नसतो. थोडा चावून, झणझणले की गालात दाबून ठेवायचा. चहा आणि गम यांत किमान १५ मिनिटांचे अंतर हवे. ४ मिलिग्रॅमचा गम डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यावा. गरोदर महिला आणि हृदयरुग्णांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

परदेशातील चाचण्यांत व्हेपने गमपेक्षा जास्त लोकांची सिगारेट सुटल्याचे दिसले. इंग्लंडमधील २०१९ च्या एका चाचणीत हे प्रमाण वर्षअखेर १८ टक्के आणि ९.९ टक्के होते. पण व्हेपने सिगारेट सोडलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. गम-पॅचच्या गटात ते साधन न सुटलेले ९ टक्केच होते.

समुपदेशनाची जोड दिल्यास यशाची शक्यता वाढते. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा १८००-११-२३५६ हा क्रमांक निःशुल्क आहे. घाटनांदूर परिसरातील रुग्णांना अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय जवळ आहे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसत असेल, दोन आठवड्यांत जखम भरत नसेल किंवा तोंड कमी उघडत असेल, तर तपासणी लांबवू नये.

उशीर झाला, असे समजून कोणी मागे राहू नये. ब्रिटिश डॉक्टरांच्या ५० वर्षांच्या अभ्यासात सिगारेट ओढणाऱ्यांचे आयुष्य सरासरी दहा वर्षांनी घटल्याचे आढळले. मात्र चाळिशीत सोडणाऱ्यांना त्यातील सुमारे नऊ वर्षे परत मिळाली, पन्नाशीत सोडणाऱ्यांना सहा आणि साठीत सोडणाऱ्यांना तीन.