वाटेवरचे पहारे (भाग 9) : शंभर यार्ड काटे

मागच्या भागात आपण 1940 सालच्या इंग्लंडमधल्या काँक्रीटच्या कोठ्या पाहिल्या. जर्मन उतरलेच तर वाट अडवायला बांधलेल्या, आणि विमानातून ओळखू येऊ नयेत म्हणून कुठे गवताची गंज, कुठे साधं घर अशा वेषात उभ्या केलेल्या. बेंगळुरूने हे दडवण्याचं काम दीडशे वर्षं आधी झाडांवर सोपवलं होतं.

1638 मध्ये शहाजीराजांना जहागीर मिळालेली ही पेठ, म्हणजे किल्ल्याबाहेरचं शहर, टिपू सुलतानाच्या काळी चांगलीच विस्तारली होती. तिचा तट बेताचाच होता, खंदक मात्र उत्तम. आणि या दोहोंच्या मधे जवळजवळ शंभर यार्ड रुंदीचा, माणूस शिरणार नाही असा दाट काटेरी झाडांचा पट्टा! दुरून पाहणाऱ्याला रान दिसावं, तट नाही. रायगडाच्या महादरवाज्याची गोमुखी रचना आठवा. दार अगदी समोर आल्याशिवाय दिसतच नाही. इथे तीच युक्ती जिवंत झाडांनी साधली होती.

काट्यांतून वाट नाही, मग वेशी उरल्या. 7 मार्च 1791 ला टिपूवर चालून आलेल्या इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या फौजेने त्यांतल्या एकीवर हल्ला केला. बाहेरचा अडसर संगिनींनी निघाला, पण आतलं दार मागून दगडांनी चिणलेलं. तोफा पुढे आणाव्या लागल्या, आणि तिथेच तोफखान्याचा कर्नल मूरहाऊस पडला. शेवटी दाराला एक भगदाड पडलं, तेही इतकं लहान की 36व्या पलटणीतला एअर नावाचा ठेंगणा लेफ्टनंट तेवढा त्यातून आत घुसू शकला. त्याच्या मागोमाग पेठ गेली. त्याच दिवशी टिपूच्या सैन्याने ती परत घ्यायची शिकस्त केली, जमलं नाही.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट. काट्यांचा हा पट्टा एकाच ठिकाणी तुटलेला होता : किल्ल्याच्या बरोबर समोर. पेठ आणि किल्ला एकमेकांना हाकेवर राहावेत म्हणून ती बाजू मोकळी ठेवलेली असणार. पण पेठ हातची गेल्यावर तीच बाजू किल्ल्यावर उलटली. शत्रूला घरांचा आडोसा मिळाला, दाणावैरण मिळाली आणि तोफा लावायला जागा मिळाली. 21 मार्चच्या रात्री चांदण्यात, तोफांनी किल्ल्याच्या तटाला पाडलेल्या खिंडारातून हल्ला झाला. किल्लेदार बहादूर खान लढता लढता तिथेच पडला.

काटे आता कुठेही उरलेले नाहीत. कृष्णराजेंद्र मार्केटच्या गर्दीतून दक्षिणेला निघालात, तर त्या किल्ल्याचा दिल्ली दरवाजा लागतो. शहर वसवणाऱ्या केंपेगौडाच्या मातीच्या कोटाचं हैदर अलीने 1761 मध्ये दगडी बांधकाम केलं, त्यातला हा उरलेला तुकडा. हत्तीने डोकं लावू नये म्हणून दारावर लोखंडी खिळे आहेत, आणि त्याच दारात एक दिंडी. वाकल्याशिवाय तीतून आत जाता येत नाही.