कामिनी नावाची गायिका

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या बैठकीत ‘महल’ चित्रपटाच्या गाण्याची तबकडी निघाली की भांडण ठरलेलं. लेबलवर गायिकेचं नाव ‘कामिनी’, म्हणून एक काका हट्टाला पेटतात, “ही लता नव्हेच!” अहो काका, कामिनी हे मधुबालाच्या भूमिकेचं नाव. 1949 साली तबकडीवर पात्राचं नाव छापत, गळा कोणाचा ते गुलदस्त्यात. गाणं गाजलं, श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केली, तेव्हा कुठे लता मंगेशकर हे नाव जाहीर झालं. मला विचाराल तर हा सरळ अन्यायच होता.

त्याआधीची पद्धत जास्त प्रामाणिक. 1902 साली कलकत्त्यात गौहर जान गाणं संपताच स्वतःचं नाव इंग्रजीत ठणकावून सांगे. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात; तिथल्या कारागिरांना लेबल लावताना गायिका कळावी म्हणून ही युक्ती.

नाव असूनही घोळ होतोच. आपल्या बडोद्याचे इनायत खाँ, संगीतज्ञ मौलाबक्षांचे नातू, यांनी 1909 च्या सुमारास कलकत्त्यात गाणी रेकॉर्ड केली. पुढे ते सूफी गुरू म्हणून पश्चिमेत गाजले. विलायत खाँचे वडील, सतारिये इनायत खाँ, निराळे. लोक खुशाल दोघांना एक करतात.

म्हणून तबकडीवरचा गळा ओळखताना नुसत्या लेबलवर माझा भरवसा नाही, आणि नुसत्या कानावरही नाही. जुन्या तबकड्यांचा वेग नेमका 78 नसे. चुकीच्या वेगाने लावली की स्वर चढतो-उतरतो, ओळखीचा गळाही परका वाटतो. म्हणून मी आधी भिंग घेऊन लेबलशेजारी कोरलेला मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाचा क्रमांक, वाचतो, मग कंपनीची यादी उघडतो.